‘आई, चुकलीस, परत पहिल्यापासून म्हण’

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. दिवाळीच्या सुट्टीपासून त्याचं हात धुणं वाढत गेलं. शाळेतून आला की अर्धा-पाऊण तास बेसिनपाशी. हात कोपरापर्यंत लाल, बोटांच्या पेरांवर भेगा. दप्तर हॉलच्या पुढे आणू देत नाही. मीसुद्धा बाहेरून आल्यावर कपडे बदलल्याशिवाय त्याच्या पलंगावर बसायचं नाही. सासूबाई म्हणतात, चांगलं वळण आहे, स्वच्छ राहतो. यांचं म्हणणं, दोन फटके दिले की उतरेल. अभ्यासात हुशार होता, आता गृहपाठही पुरा होत नाही. बाकी एक लाडाचं आहे : झोपताना मी ‘उद्या सगळं नीट होईल, कुणाला काही होणार नाही, आई इथेच आहे’ असं चार वेळा म्हणायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की, ‘आई, चुकलीस, परत पहिल्यापासून म्हण.’ आम्ही काय करावं?

उत्तर :

ताई, हात धुण्याबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय आणि झोपतानाच्या त्या वाक्याबद्दल जाताजाता, तेही ‘लाडाचं’ म्हणून. बावीस वर्षं मुलांबरोबर हेच काम करताना मी एक शिकले : आईवडील शेवटी, उठताउठता जे सांगतात ते आधी धरायचं. तुमच्या घरातली सुरुवात बेसिनपासून होणार नाही, त्या वाक्यापासून होईल.

आधी नाव. मुलाशी समोर बसून बोलल्याशिवाय निदान करता येत नाही, करूही नये. पण तुम्ही लिहिलंय ते ओसीडीच्या (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर), मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात त्याच्या, वर्णनाशी जुळतं. (हा शब्द मला फारसा आवडत नाही. ‘काय मंत्रचळ लागलाय तुला!’ म्हणून तो घरोघरी चिडवायला वापरून झालाय. मुलापुढे ओसीडीच म्हणा.) शंभर मुलांत एक-दोघांना हा त्रास असतो, म्हणजे हजार पटाच्या शाळेत दहा-वीस मुलं. दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास सुरू होणं अगदी नेहमीचं, मुलग्यांमध्ये तर जरा लवकरच. त्यामुळे ‘आमच्याच घरात हे कुठून आलं’ असं मनाला लावून घेऊ नका. रक्ताच्या नात्यात हा त्रास असला तर शक्यता वाढते हे खरं. तुमच्या लाडामुळे किंवा यांच्या शिस्तीमुळे तो आला, हे खरं नाही.

आत चालतं ते असं. एक नकोसा विचार घुसतो : ‘बसच्या दांड्याला हात लागला, आता हा जंतू आईला जाणार.’ असे वेडेवाकडे विचार तुमच्या-माझ्या डोक्यातही येतात. आपण ते झटकून भाजी चिरायला लागतो. या मुलाला तो झटकता येत नाही. पोटात कालवाकालव होते, छाती धडधडते. मग तो हात धुतो आणि दोन मिनिटं बरं वाटतं. घोटाळा त्या बरं वाटण्यातच आहे. मेंदू टिपून ठेवतो, ‘धुतलं म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी विचार जरा जास्त जोरात येतो आणि धुणं जरा जास्त लागतं. नायटा खाजवल्यासारखं : खाजवताना सुख वाटतं आणि प्रत्येक खाजवण्याने तो थोडा पसरतो.

आता तुमच्या वाक्याकडे बघा. ‘कुणाला काही होणार नाही’ हे चार वेळा ऐकून तुमच्या मुलाला काय मिळतं? तीच दोन मिनिटं. म्हणजे तो बेसिनवर जे साबणाने करतो, तेच रात्री तुमच्या आवाजाने करतो. फरक एवढाच की त्या वेळी साबण तुम्ही आहात. पलंगावर बसायच्या आधी तुम्ही कपडे बदलता, दप्तर कुणीतरी मुकाट्याने बाहेर ठेवतं, बहुधा सकाळी नळही तुम्हीच सोडून देत असाल. यातलं एकही तुम्ही चूक म्हणून केलेलं नाही. पोर रडतंय, उद्या शाळा आहे, अकरा वाजलेत. कुठलीही आई चार वेळा म्हणेल, मीही म्हटलं असतं. पण ओसीडी असलेल्या बहुतेक घरांत हेच होतं, आणि आजाराला खाऊ मिळतो तो इथून. घरच्यांची ही साथ जितकी जास्त, तितका मुलाचा त्रास जास्त आणि उपचारांचा गुण कमी, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय.

यात चांगली बातमीही आहे. मुलाचं वागणं तुमच्या हातात नाही, तुमचं आहे. त्याने अजून एकही पाऊल उचललं नसलं तरी तुम्ही सुरुवात करू शकता.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना एक प्रश्न विचारा. त्या पूजेला सोवळ्यात बसत असतील, नसतील तर त्यांच्या सासूबाई बसत असतील. सोवळं नेसलं, पूजा झाली, नैवेद्य दाखवला, की सोवळं उतरतं. पुढचा दिवस मोकळा. त्याला नियम आहे आणि शेवट आहे, आणि त्यात त्यांना समाधान वाटतं. नातवाला बेसिनपाशी समाधान वाटतं का? तो हसतहसत धुतो की रडतरडत? स्वच्छतेची आवड असलेलं मूल हात धुऊन खेळायला पळतं. ज्याला थांबायचंय पण थांबता येत नाही, त्याला आवड म्हणत नाहीत. मी हे एका आजींना विचारलं होतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘आमचं सोवळं देवासाठी होतं हो, याचं कुणासाठी आहे?’ पुढे त्या घरात माझं निम्मं काम त्यांनीच केलं.

यांना सांगा की फटक्याने धुणं थांबत नाही, लपतं. मूल दार लावून धुतं, किंवा मनातल्या मनात आकडे मोजायला लागतं, आणि मनातलं मोजणं कुणालाच दिसत नाही.

लपण्यावरून आठवलं. हात धुण्यामागे नेमका कुठला विचार आहे, हे त्याला कधी विचारलंय का? ‘जंतू’ हे उत्तर बऱ्याचदा वरवरचं असतं. तुमच्या वाक्यात ‘कुणाला काही होणार नाही’ आहे, म्हणजे त्याला स्वतःच्या आजारपणाची नाही, तुमच्यापैकी कुणाला तरी गमावण्याची भीती असू शकते. काही मुलांचे विचार याहून लाजिरवाणे असतात. आरती चालू असताना मनात देवाला शिवी येते. धाकट्या बहिणीला आपण ढकलून देऊ की काय असं वाटतं. तेरा वर्षांची एक मुलगी स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. आईला वाटलं, कामचुकारपणा. चौथ्या भेटीत, माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या पेपरवेटशी बोलावं तसं तिने सांगितलं, ‘तिथे विळी असते. मी आईला मारलं तर?’ आठ महिने ती हे एकटी घेऊन फिरत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, इथे सगळीकडेच.) ज्या मुलाला असा विचार येऊन घाम फुटतो, ते मूल तसं करण्यापासून सगळ्यात लांब असतं, घाम फुटतो तो त्याचमुळे. असं काही त्याने सांगितलं तर दचकू नका, देवापुढे नाक घासायला लावू नका, उपास सांगू नका. ‘असे विचार ओसीडीत येतात, तू वाईट नाहीस’ एवढं एकदाच म्हणा. एकदाच. रोज म्हणायला लागलात तर तेही त्या वाक्यासारखंच होऊन बसेल.

आता करायचं काय. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. एक छोटी वही घ्या. ओसीडीसाठी तुम्ही दिवसभरात काय काय केलंत, म्हणजे उत्तरं दिली, कपडे बदलले, दप्तर उचललं, थांबून राहिलात, प्रत्येकाला एक रेघ. एका आईने मला खात्रीने सांगितलं होतं, ‘दिवसातून पाच-सहा वेळा होत असेल.’ आठवड्याने वही उघडली तर रविवारच्या पानावर एकेचाळीस रेघा. ती म्हणाली, ‘मी नोकरीच करतेय की याची.’

वही भरली की दिवसाउजेडी, त्याचं पोट भरलेलं असताना, रडारड चालू नसताना, तिघांनी बसायचं. ओसीडी म्हणजे काय ते सांगायचं आणि त्याला नाव त्यानेच ठेवायचं. माझ्याकडच्या मुलांनी भुंग्या, चिकट्या, खोटारडा काका, ‘ते लोडिंगचं चक्र’ अशी नावं ठेवलीत. नावाने फरक पडतो : भांडण आई आणि मुलगा यांच्यातलं राहत नाही, दोघं एका बाजूला आणि भुंग्या समोर. पण सावध, ‘हे तू नाही, भुंग्या बोलतोय’ असं उठसूट ऐकवलं तर मूल चिडतं, आणि बरोबरच आहे त्याचं.

मग सांगायचं, अगदी सरळ : ‘मला वाटायचं, मी चार वेळा म्हटलं की तुला मदत होते. आता कळलं की मी भुंग्याला खाऊ घालत होते. सोमवारपासून मी तीनदाच म्हणणार. तुला त्रास होईल हे मला माहीत आहे, आणि तो तुला सोसेल हेही माहीत आहे. मी इथेच बसणार आहे.’ या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र हव्यात, त्रास खरा आहे आणि तो तुला पेलेल. पहिली सोडली तर निष्ठुरपणा होतो, दुसरी सोडली तर पुन्हा लाड.

चारवरून तीन, काही दिवसांनी दोन. त्यानंतर एक गंमत करा : मुद्दाम शब्द बदला. ‘उद्या सगळं बरं होईल’ म्हणा, ‘नीट’ शब्द गाळा. वाक्य बिघडणं हाच इथला खरा व्यायाम आहे. मग एकदाच, मग ते वाक्यच नाही. झोपताना जवळ बसायचं असेल तर जरूर बसा, पाठीवरून हात फिरवा, शाळेतल्या गमती विचारा. प्रेम कमी करायचं नाहीये, फक्त उत्तर बंद करायचंय. तरी तो विचारेलच, ‘पण नक्की ना?’ त्यावर ‘मला नाही माहीत, आणि तुलाही नाही माहीत. असंच झोपून बघूया’ हे खरं उत्तर आहे. पहिल्यांदा म्हणताना तुमचाच आवाज कापेल.

पहिल्या तीन-चार रात्री तो आकांत करेल. आधीपेक्षा वाईट वाटेल, सासूबाई मधल्या खोलीतून ‘म्हण ना गं एकदा, काय जातं तुझं’ म्हणतील. सगळं इथेच ठरतं. चाळीस मिनिटं रडल्यावर तुम्ही चौथ्यांदा म्हटलंत, तर तो शिकतो की चाळीस मिनिटं रडायचं असतं. म्हणून पायरी इतकी लहान ठेवा की ती कुठल्याही परिस्थितीत पाळता येईल. तीन झेपत नसेल तर चारच ठेवा आणि फक्त एक शब्द बदला. आणि घरात तिघांचं एकच उत्तर हवं. आई नाही म्हणाली की आजीकडे जाणं हे ओसीडीलाही जमतं.

ही लहान पायरीची गोष्ट मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या वडिलांना मी सांगितलं, आंघोळ दोन तास चालते ना, मग पंधरा मिनिटांनी नळ बाहेरून बंद करा. त्यांनी केला. मुलाला आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. साबण तसाच अंगावर घेऊन तो भिंतीवर डोकं आपटत राहिला, आणि त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलला नाही. उपचाराची दिशा बरोबर होती, पण ज्याच्यावर उपचार करायचे त्यालाच मी विचारलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या कृतींना त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. तुमच्या कृती मात्र तुमच्या आहेत. त्याला आधी सांगून त्या तुम्ही बदलू शकता, त्याची परवानगी लागत नाही.

हात धुणं, दप्तर, पलंग हे प्रशिक्षित माणसाबरोबर करा. या उपचाराला ईआरपी म्हणतात : ज्याची भीती वाटते त्याला थोडंथोडं सामोरं जायचं आणि त्यानंतरची कृती करायची नाही. १९६६मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी अशा पद्धतीने रुग्ण बरे होताना दाखवले. तोवर ओसीडी जवळजवळ असाध्यच मानला जायचा. आज मुलांसाठी हाच पहिला उपचार. दिसायला साधा. आम्ही आधी भीतीची शिडी बनवतो, शून्य ते दहा. तुमच्या मुलासारख्याच एकाची शिडी अशी होती : स्वतःच्या चपलेचा पट्टा एका बोटाने, दोन. दप्तराची चेन, चार. बसचा दांडा, सात. दांड्याला लावलेला हात न धुता आईच्या उशीवर, दहा.

चपलेच्या दिवशी त्याने बोट टेकवलं आणि ते हवेत असं धरलं, जसं काही त्याला शाई लागलीय. भीतीचं मीटर किती? सहा. (शिडीवर दोन लिहिलं होतं; लिहिणं वेगळं आणि टेकवणं वेगळं.) मीही माझं बोट टेकवलं. आम्ही दोघं बोटं वर धरून क्रिकेटवर बोलत बसलो. दहा मिनिटांनी पाच. वीस मिनिटांनी तो म्हणाला, ‘तीन’, आणि त्याच्या लक्षात यायच्या आधी त्याच बोटाने नाक खाजवलं. नंतर दोघंही हसलो. दर वेळी मीटर खाली येतंच असं नाही, यायलाच हवं असंही नाही. भीती असतानासुद्धा न धुता राहता येतं आणि जग बुडत नाही, एवढं त्या बोटाला कळलं तरी पुष्कळ. साधारण बारा ते सोळा आठवडे, आठवड्याला एक भेट, आणि रोज घरी सराव. सराव नसेल तर माझ्याकडच्या तासाला अर्थ नाही.

समुपदेशक निवडताना एकच विचारा : ‘तुम्ही मुलाला भीतीच्या गोष्टीला हात लावायला लावता का?’ जर उत्तर ‘आम्ही त्याला समजावतो, दीर्घ श्वास शिकवतो, सकारात्मक विचार देतो’ असं असेल तर नमस्कार करून उठा. दर आठवड्याला फी घेऊन ‘काही होणार नाही रे’ म्हणणारा समुपदेशक म्हणजे तुमचं झोपतानाचं वाक्यच, फक्त महाग.

औषधांबद्दल सगळेच घाबरतात. २००४ साली अमेरिकेत सात ते सतरा वर्षांच्या ११२ मुलांवर बारा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थेरपी आणि सर्ट्रालीन हे औषध दोन्ही मिळालेल्या मुलांत साधारण ५४ टक्क्यांना लक्षणं जवळजवळ उरली नाहीत. नुसत्या थेरपीने ३९ टक्के, नुसत्या औषधाने २१, खोट्या गोळीने ४. म्हणून मध्यम त्रास असेल आणि चांगला थेरपिस्ट मिळत असेल तर थेरपीपासून सुरुवात. पण शाळा सुटत असेल, जेवण सुटत असेल, भीतीने मूल शिडीच्या पहिल्या पायरीलाही हात लावत नसेल, किंवा तुमच्या गावात ईआरपी करणारं कुणीच नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची चटक लागत नाही. ओसीडीत गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद केल्याची उदाहरणं मी डझनाने पाहिलीत. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र लक्ष ठेवा. मूल फार अस्वस्थ झालं, झोप उडाली, मरणाबद्दल बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि आपल्या मनाने गोळी एकदम थांबवायची नाही.

तुमच्या मुलाचं हळूहळू वाढत गेलं, म्हणून हे तुम्हाला लागू नसावं, पण सांगून ठेवते : चांगलं असलेलं मूल घसादुखी-तापानंतर एक-दोन दिवसांतच एकदम असं वागू लागलं तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

गृहपाठ का पुरा होत नाही ते वही उघडून बघा. अक्षर खोडून खोडून कागद पातळ झालाय का? असेल तर वर्गशिक्षिकेला भेटा. ‘तो आळशी नाही, त्याला ओसीडी आहे, उपचार चालू आहेत; खाडाखोडीला आणि अक्षराला तूर्त शेरा देऊ नका’ एवढंच सांगा. सगळ्या शाळेला सांगायची गरज नाही, आणि कुणाला सांगायचं हे त्याला विचारून ठरवा.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात अगदी कमी पैशात तपासणी होते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे. सगळ्यांना तिथे जावं लागत नाही, पण त्रास हट्टी निघाला तर तो रस्ता आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांइतकंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायला सांगितलंय. तुमची पॉलिसी काढून वाचा.

सगळं उतरलं तरी परीक्षा, आजारपण, नवी शाळा अशा वेळी ते पुन्हा डोकं वर काढू शकतं. तेव्हा शिडी आणि वही टाकून देऊ नका. तेच पुन्हा करायचं असतं, आणि दुसऱ्या वेळी ते लवकर होतं.

आणि हे वाचून आज रात्रीच सुरुवात करू नका. तो म्हणेल तसं आज चार वेळा म्हणा, चुकलात तर परत पहिल्यापासून म्हणा, चिडू नका. फक्त उशाशी वही आणि पेन्सिल ठेवा, आणि तो झोपला की रेघा मारा.